कर्क्युमिनच्या पंप-प्रोब डेटातला ८ पिकोसेकंदांचा घटक: रेणूचा की मांडणीचा?

हळद४०० (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कर्क्युमिनच्या (हळदीतलं पिवळं रंगद्रव्य) उत्तेजित अवस्थेत प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर किती वेळात जातो, हे मिथेनॉलमध्ये ट्रान्झिएंट अ‍ॅब्सॉर्प्शनने मोजायचं आहे (पंपाच्या पल्सने रेणू उत्तेजित करायचा, आणि मागून येणाऱ्या प्रोबच्या पल्सचं शोषण किती बदललं ते बघायचं). डेटा मिळतोय, पण त्यातलं रेणूचं किती आणि आमच्या टेबलाचं किती, हे वेगळं करता येत नाहीये.

मांडणी अशी आहे. टायटेनियम-सफायर अ‍ॅम्प्लिफायर, ८०० नॅनोमीटर, १ किलोहर्ट्झ, साधारण १०० फेम्टोसेकंद. पंपासाठी अर्धा मिलिमीटर जाडीच्या टाइप-१ बीबीओमधून (वारंवारता दुप्पट करणारा स्फटिक) ४०० नॅनोमीटर. सॅम्पलपाशी १ मायक्रोज्यूल, ठिपक्याचा व्यास अंदाजे २०० मायक्रॉन. चॉपर (पंपाची दर दुसरी पल्स अडवणारी फिरती चकती) ५०० हर्ट्झ. प्रोब म्हणजे २ मिलिमीटर सफायरमधला व्हाइट लाइट, वापरण्याजोगा ४५० ते ७५० नॅनोमीटर. सॅम्पल १ मिलिमीटरच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये, ४०० ला ओडी (शोषणाचं माप) ०.४. कर्क्युमिन बाजारातलं, बाटलीवर ९५ टक्के लिहिलेलं. पंपाच्या वाटेत वेव्ह प्लेट (पोलरायझेशन वळवणारी) नाही.

अडचणी:

१) टाइम झिरोपाशी (पंप आणि प्रोब एकाच वेळी पोचतात तो क्षण) सिग्नल आधी वर, मग खाली, मग परत वर जातो. तरंगलांबी बदलली की ही लाट सरकते. नुसत्या मिथेनॉलमध्येही दिसते.

२) फिटिंगमध्ये ३ पिकोसेकंद, ८ पिकोसेकंद आणि एक लांब घटक लागतो. ३ चा वाटा रोज वेगळा निघतो आणि ६३० च्या आसपास जास्त असतो. ८ मात्र टिकून आहे. त्यालाच प्रोटॉन-स्थलांतर म्हणावं का?

३) लांब घटक टीसीएसपीसीने (एकेक फोटॉन मोजून आयुर्मान काढायची पद्धत) मोजलेल्या आयुर्मानापेक्षा दर वेळी पाव हिश्श्याने जास्त येतो.

४) जूनच्या मध्यापासून गोंगाट फार वाढलाय. आधी २ सेकंदांच्या सरासरीला ०.३ मिलिओडी असायचा, आता २ च्या वर. खोली २३ अंश, आर्द्रता ७५ टक्के दाखवते. चिलर (लेसरला गार पाणी पुरवणारं यंत्र) १८ अंशांवर आहे.

कुठून सुरुवात करू?

---

शून्यवेळ

पहिल्या मुद्द्यापासून घेतो, कारण तो सुटल्याशिवाय ३ पिकोसेकंदांखालचं काहीच खरं मानता येणार नाही.

ती वर-खाली-वर लाट म्हणजे क्रॉस-फेज मॉड्युलेशन. पंपाची तीव्रता माध्यमाचा अपवर्तनांक क्षणभर बदलते, त्यामुळे त्याच क्षणी तिथून जाणाऱ्या प्रोबचे रंग थोडे इकडचे तिकडे होतात. ऊर्जा शोषली जात नाही, फक्त एका रंगातली दुसऱ्या रंगात जाते. म्हणूनच सिग्नलला धन आणि ऋण अशा दोन्ही बाजू असतात. ती रंगानुसार सरकते कारण व्हाइट लाइट चर्प झालेला असतो: लाल आधी पोचतो, निळा मागून. सफायर, लेन्स, फिल्टर आणि क्युव्हेटची काच मिळून ४५० आणि ७०० यांच्यात काहीशे फेम्टोसेकंदांचं अंतर सहज पडतं. बिघाड काहीच नाही. आणि हीच लाट तुमच्या कामाची आहे, कारण प्रत्येक तरंगलांबीचा खरा टाइम झिरो तीच दाखवते.

रोज, सॅम्पलच्या आधी, त्याच क्युव्हेटमध्ये नुसतं मिथेनॉल भरून −१ ते +२ पिकोसेकंद स्कॅन घ्या, पायरी २० फेम्टोसेकंदांची. डिले स्टेजवर (प्रकाशाची वाट लांबवून पल्सला उशीर करणारी सरकती मांडणी) १ पिकोसेकंद म्हणजे १५० मायक्रॉन (प्रकाश जातो आणि येतो, म्हणून ३०० चा अर्धा), तेव्हा २० फेम्टोसेकंदांना ३ मायक्रॉनची पायरी लागेल. प्रत्येक तरंगलांबीला लाटेचा मध्य काढा, त्यातून तिसऱ्या घाताचा बहुपद बसवा आणि सॅम्पलचा डेटा त्या वक्रानुसार सरकवा. लाटेच्या रुंदीतून यंत्रणेचा प्रतिसाद किती फेम्टोसेकंदांचा आहे तेही कळतं. तो तुमच्याकडे १५० ते २०० निघावा. ३०० च्या वर गेला तर दोष पंपात शोधा.

त्या ब्लँक (नुसत्या मिथेनॉलच्या) स्कॅनमध्ये आणखी एक खूण आहे. ४०० नॅनोमीटर म्हणजे २५,००० वेव्हनंबर (एका सेंटिमीटरमधल्या लहरींची संख्या). मिथेनॉलच्या सी-एच ताणाचे सुमारे २,८३५ ते २,९४५ वजा केले की ४५१ ते ४५३ नॅनोमीटर येतात. ओ-एचचा रुंद पट्टा ४६२ च्या आसपास. टाइम झिरोला तिथे जे टोक उठतं ते द्रावकाचं स्टिम्युलेटेड रामन (त्याच्या रेणूंच्या कंपनांमुळे उठणारा सिग्नल). कर्क्युमिनच्या आलेखात ४५३ ला अतिजलद काही दिसलं तर आधी हे आठवा. स्पेक्ट्रोमीटरच्या कॅलिब्रेशनची फुकट पडताळणीही यातूनच होते.

आता क्युव्हेट. १ मिलिमीटरच्या नेहमीच्या क्युव्हेटची प्रत्येक भिंत साधारण सव्वा मिलिमीटरची असते. म्हणजे द्रावण १ मिलिमीटर आणि काच अडीच! पुढच्या आणि मागच्या भिंतीतून येणाऱ्या दोन लाटा एकमेकींपासून थोड्या सरकलेल्या असतात, कारण ४०० चा पंप आणि ६०० चा प्रोब काचेतून एकाच वेगाने जात नाहीत. लाट एकाऐवजी दुहेरी दिसली तर कारण हेच. ०.२ मिलिमीटर खिडक्यांचा फ्लो सेल मिळाला तर लाट बरीच आटोक्यात येईल.

पल्स १०० फेम्टोसेकंदांची आहे तोवर वाटेतल्या काचेची फार काळजी नको. १ सेंटिमीटर बीके-७ मधून ८०० ची १०० फेम्टोसेकंदांची पल्स १०१ होऊन बाहेर येते. ३५ ची मात्र ५० होते. पण ४०० ला फ्युज्ड सिलिकाचं डिस्पर्शन (रंगानुसार वेग बदलून पल्स पसरवणं) ८०० च्या अडीचपटीहून जास्त असतं, तेव्हा दुप्पट वारंवारता केल्यानंतरच्या वाटेत शक्यतो आरसेच ठेवा.

लाट वजा करताना एक जपा. ब्लँकचा सिग्नल सॅम्पलमधून जसाच्या तसा वजा करू नका. सॅम्पल पंप शोषतं, त्यामुळे मागच्या भिंतीपर्यंत पोचणारा पंप ब्लँकपेक्षा कमी असतो. ओडी ०.४ ला ४० टक्केच पोचतो. वजाबाकीला गुणक लागतो, आणि तो गुणक मनाने ठरवण्यापेक्षा पहिले ०.३ पिकोसेकंद फिटमधून वगळलेले बरे.

---

ट्रॉम्बेकर

माझ्या मते मूळ दुखणं १ मायक्रोज्यूल हेच आहे. हिशोब मांडतो, कारण तो मांडला की बाकी फार बोलायला लागत नाही.

कर्क्युमिनचा एप्सिलॉन (मोलर शोषणांक) ४०० ला ४०,००० धरा (शिखर ४२५ च्या आसपास, तिथे ५५,००० च्या घरात). त्याला ३.८२ × १०^-२१ ने गुणलं की एका रेणूचं शोषण-क्षेत्र १.५ × १०^-१६ चौरस सेंटिमीटर येतं. ४०० च्या एका फोटॉनची ऊर्जा ५ × १०^-१९ ज्यूल, म्हणजे १ मायक्रोज्यूलमध्ये २ × १०^१२ फोटॉन. २०० मायक्रॉनच्या ठिपक्याचं क्षेत्रफळ ३.१ × १०^-४ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की चौरस सेंटिमीटरला ६.४ × १०^१५ फोटॉन. दोन्हींचा गुणाकार जवळजवळ १.

म्हणजे क्युव्हेटच्या तोंडाशी असलेल्या रेणूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त एका पल्समध्ये उत्तेजित होतात. २०० मायक्रॉन हा गाउसियन ठिपक्याचा १/ई² व्यास असेल तर मध्यभागी तीव्रता याच्याही दुप्पट, आणि प्रोब जातो तो नेमका तिथूनच. एवढ्या प्रकाशात एकच रेणू दुसरा फोटॉनही गिळतो, आयनीभवन होतं, सुटलेला इलेक्ट्रॉन मिथेनॉलमध्ये अडकतो. मिथेनॉलमधल्या अशा इलेक्ट्रॉनचा रुंद पट्टा ६३० नॅनोमीटरच्या आसपास असतो. तुमचा ३ पिकोसेकंदांचा लहरी घटक ६३० लाच जास्त दिसतो, हा योगायोग मला वाटत नाही.

५० नॅनोज्यूलवर या. सरासरी ५ टक्के उत्तेजन, मध्यभागी १०. सिग्नल तरीही १० मिलिओडीच्या घरात मिळेल, आणि तो भरपूर आहे. मग १५, ३०, ६०, १२०, २४० नॅनोज्यूलला तोच स्कॅन घ्या आणि १ पिकोसेकंद व ५० पिकोसेकंद या दोन वेळांचा सिग्नल ऊर्जेसमोर लॉग-लॉग आलेखावर टाका. उतार १ असेल तोवर एका फोटॉनचं काम. उतार १.३, १.५ असा चढायला लागला की दोन फोटॉन आले. वरच्या टोकाला उतार १ पेक्षा कमी झाला तर ते सॅच्युरेशन. उतार १ आहे त्या पट्ट्याच्या मध्यात बसून उरलेला सगळा प्रयोग करायचा.

ऊर्जा मोजताना: ५० नॅनोज्यूल गुणिले १,००० म्हणजे ५० मायक्रोवॉट, चॉपर चालू असेल तर २५. थर्मल पॉवर मीटरला एवढं कमी धड वाचता येत नाही, हात जवळ नेला तरी काटा हलतो. सिलिकॉन फोटोडायोडचा सेन्सर घ्या, त्यात तरंगलांबी ४०० टाकायला विसरू नका. ठिपका अंदाजाने सांगू नका, मोजा. सॅम्पलच्या जागी १०० मायक्रॉनचा पिनहोल ठेवून पंप आणि प्रोब दोन्ही त्यातून काढले की आकार आणि ओव्हरलॅप दोन्ही एकदम कळतात. प्रोबचा ठिपका पंपाच्या निम्म्याहून लहान हवा. नाहीतर कडेचे अर्धवट उत्तेजित रेणू सरासरीत शिरतात.

बाटलीवरचे ९५ टक्के हे बहुधा सगळ्या कर्क्युमिनॉइड्सचे मिळून असतात. त्यात डीमेथॉक्सी आणि बिसडीमेथॉक्सी कर्क्युमिन धरलेली असतात. हळदीतून काढलेल्या मालात हे दोघे मिळून पाचवा हिस्सा सहज भरतात. दोन्ही ४०० लाच शोषतात, पण आयुर्मानं वेगळी. क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ९५:५ मध्ये सिलिका प्लेटवर टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) चालवा: तीन पिवळे ठिपके दिसतील, सगळ्यात वरचा कर्क्युमिनचा. कॉलम करून तेवढाच घ्या. नुसत्या रीक्रिस्टलायझेशनने तिघे नीट सुटत नाहीत. ओडी ०.४ साठी १ मिलिमीटरला १०० मायक्रोमोलर पुरेल, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ३.७ मिलिग्रॅम. एवढ्याचा कॉलम दुपारभरात होतो.

सॅम्पल हलतं ठेवणं आवश्यक आहे. स्थिर क्युव्हेटमध्ये दर मिलिसेकंदाला तोच थेंब मार खातो. १ मिलिमीटरच्या फटीत चुंबकी कांडी फिरत नाही, तेव्हा फ्लो सेल आणि गिअर पंप. पेरिस्टाल्टिक पंपाचे धक्के सिग्नलमध्ये उतरतात. दर स्कॅनच्या आधी आणि नंतर साधा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम घ्या. शिखर ५ टक्क्यांहून जास्त उतरलं तर तो स्कॅन बाद.

---

कोरडी_हवा

चौथ्या मुद्द्याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. २३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता म्हणजे दवबिंदू १८.३ अंश. चिलर १८ वर. जे जे चिलरच्या पाण्याने गार होतं ते सगळं दवबिंदूच्या खाली आहे. टॉर्च घेऊन चिलरच्या नळ्या बघा: जोडावर, जिथे नळीवरचा फोम संपतो आणि पितळेची कपलिंग उघडी पडते, तिथे बारीक थेंबांची रांग दिसेल. अ‍ॅम्प्लिफायरच्या स्फटिकाचा माउंट याहून गार ठेवलेला असेल, तर तिथे काय होत असेल याची कल्पना करा. स्फटिकाच्या तोंडावर धूसर डाग पडला की बीमची प्रत जाते. तसंच चालवत राहिलं तर कोटिंग जळतं.

खोली ५५ टक्क्यांवर आणा: दवबिंदू १३.५ वर उतरतो आणि चिलरला साडेचार अंशांची मोकळीक मिळते. त्यासाठी एसी पुरत नाही. एसी तापमान गाठलं की कॉम्प्रेसर थांबवतो आणि ओलावा काढणंही थांबतं, म्हणून जुलैत खोली गार पण दमट राहते. वेगळा डीह्युमिडिफायर लागतो, पाण्याचा निचरा नळीने थेट बाहेर काढलेला. बादली रात्री भरली की तो बंद पडतो. त्याची उष्णता खोलीतच सुटते हेही एसीच्या हिशोबात धरा. तोवर अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यात कोरडा नायट्रोजन मंद सोडून ठेवा. लॅमिंग्टन रोडला मिळतो तसला साधा डिजिटल हायग्रोमीटर खोक्याच्या आत ठेवा, भिंतीवर नव्हे. शनिवार-रविवार एसी बंद आणि चिलर चालू, असं कधीही नको. ३० अंश आणि ८० टक्के म्हणजे दवबिंदू २६! बीबीओही ओलावा धरतो. काम संपलं की सिलिका जेलच्या डबीत.

मिड-इन्फ्रारेड प्रोब असता तर पाण्याच्या वाफेच्या रेषा १,४०० ते १,९०० वेव्हनंबरच्या पट्ट्यात थेट डेटात उतरल्या असत्या. दृश्य प्रोबमध्ये तो त्रास नाही, म्हणजे गोंगाट बीमच्या अस्थिरतेतून येतोय. ते व्हाइट लाइटमध्ये डोळ्यांनी दिसतं. ८०० गाळून उरलेला व्हाइट लाइट पांढऱ्या कार्डावर घ्या. नीट असेल तर मधे गोल पांढरी चकती, कडेला रंगांची एकसंध वर्तुळं, आणि हे सगळं चित्रासारखं स्थिर. बिघडलं असेल तर चकतीत बारीक रेघा वळवळतात किंवा वर्तुळं लुकलुकतात. रेघा म्हणजे सफायरमध्ये एकाऐवजी दोन-तीन फिलामेंट (प्रकाशाचे बारीक धागे) तयार झालेत, म्हणजे ऊर्जा जास्त. लुकलुक म्हणजे ऊर्जा अगदी उंबरठ्यावर आहे किंवा येणारा बीमच डुलतोय.

जुळवणी: १०० मिलिमीटरची लेन्स, तिच्या आधी आयरिस आणि फिरवता येणारा एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर. सफायर फोकसच्या किंचित अलीकडे. ऊर्जा पूर्ण उतरवून हळूहळू वाढवा. १ मायक्रोज्यूलच्या आतबाहेर पांढरा ठिपका उगवेल. तो स्थिर झाला की आणखी थोडंसं वाढवून थांबा. मग आयरिस थोडा उघड-मीट करून गोंगाट सर्वांत कमी कुठे ते संगणकावर बघत ठरवा. आयरिसवर जो वेळ जातो तो वसूल होतो.

किती गोंगाट रास्त? एका शॉटमध्ये १ टक्का चढउतार धरला तर पंप-चालू आणि पंप-बंद अशा एका जोडीत ०.४३४ × ०.०१ × वर्गमूळ २, म्हणजे ६ मिलिओडी. २ सेकंदांत १,००० जोड्या. ६ भागिले वर्गमूळ १,००० म्हणजे ०.२. तुमचे आधीचे ०.३ ठीकच होते. २ येतात याचा अर्थ शॉटचा चढउतार १० टक्क्यांवर गेलाय, किंवा चॉपरचा फेज सरकून अर्धे शॉट चुकीच्या खात्यात पडतायत. दुसरं आधी तपासा: चॉपरचं पातं बीमच्या मध्यात असताना पल्स येत नाही ना, एवढं ऑसिलोस्कोपवर पाहायला दोन मिनिटं लागतात.

आणि टेबलावर एसीचा झोत येत असेल तर बीमला झाकण घाला, अ‍ॅक्रिलिकचं खोकं पुरतं. तापमानही महत्त्वाचं: अ‍ॅल्युमिनियमचा ब्रेडबोर्ड मीटरला अंशामागे २३ मायक्रॉन वाढतो. पंप त्यावरून आणि प्रोब स्टीलच्या टेबलावरून जात असेल तर एका अंशात टाइम झिरो ४०-५० फेम्टोसेकंद सरकू शकतो. तीन तासांच्या स्कॅनमध्ये हे पुरेसं नुकसान आहे.

---

मेघा_के

तिसऱ्या मुद्द्यावर कोणी बोललं नाही. तुम्ही लिहिलंय की पंपात वेव्ह प्लेट नाही. टाइप-१ बीबीओतून निघणारा ४०० हा ८०० च्या पोलरायझेशनला काटकोनात असतो. व्हाइट लाइट मात्र ८०० चंच पोलरायझेशन ठेवतो. म्हणजे तुमचे पंप आणि प्रोब आपोआप ९० अंशांत आहेत. अशा मांडणीत सिग्नल (१ − आर) ने गुणलेला असतो. आर म्हणजे अ‍ॅनिसोट्रॉपी (उत्तेजित रेणू किती एका दिशेला आहेत त्याचं माप), सुरुवातीला ०.४ पर्यंत. रेणू फिरून विस्कळीत होतात तसा आर शून्याकडे जातो आणि कंसातला आकडा ०.६ वरून १ कडे चढतो. कर्क्युमिनच्या आकाराचा रेणू मिथेनॉलमध्ये १०० पिकोसेकंदांच्या आगेमागे फिरतो, म्हणजे जवळपास तुमच्या आयुर्मानाच्याच वेळेत. त्या चढामुळे क्षय मंद भासतो. दोन्ही समांतर असते तर (१ + २आर) आला असता आणि आयुर्मान कमी निघालं असतं. तुम्हाला जास्त येतंय, ते या हिशोबाला धरूनच आहे.

उपाय: पंपाच्या वाटेत ४०० ची हाफ वेव्ह प्लेट. पंप आणि प्रोब यांच्यात ५४.७ अंश ठेवले की आर चा परिणाम निघून जातो. ९० वरून ५४.७ वर यायला पोलरायझेशन ३५.३ अंश वळवायचं, म्हणजे प्लेट १७.६ अंश. तपासणी सॅम्पलच्या जागी पोलरायझर ठेवून करा; प्लेटच्या अंगठीवरचे आकडे प्रमाण मानू नका, वाटेतले तिरपे आरसे पोलरायझेशन थोडं लंबगोल करतात.

आता ८ पिकोसेकंद. त्याला प्रोटॉन-स्थलांतर म्हणायची घाई करू नये असं मला फार वाटतं. रसायनशास्त्रज्ञ झेवेल यांच्या गटाने १९८७ मध्ये आयसीएनचा (आयोडीन सायनाइड) बंध तुटताना पाहिला तेव्हा रेणू वायूत होता, एकटा. तुमचा मिथेनॉलच्या गर्दीत आहे. कर्क्युमिन उत्तेजित झालं की त्याचा विद्युतभार नव्याने वाटला जातो आणि भोवतीचे मिथेनॉलचे रेणू वळून नव्या भाराला जागा करून देतात, लोकलच्या डब्यात कोणी शिरलं की बसलेले सरकतात तसे. या सॉल्व्हेशनचा सरासरी वेळ मॅरोन्सेली यांच्या गटाने १९९५ मध्ये कुमारिन १५३ या रंगद्रव्यावर मोजला: अ‍ॅसिटोनायट्राइल ०.२६ पिकोसेकंद, मिथेनॉल ५, इथेनॉल १६. मिथेनॉलचे ५ आणि तुमचे ८ एकाच घरातले आहेत.

ओळखायचं कसं? सॉल्व्हेशनमध्ये स्टिम्युलेटेड एमिशनचा (प्रोबमुळे उत्तेजित रेणूने सोडलेला प्रकाश) पट्टा वेळेसोबत लाल बाजूला सरकतो. घातांकी फिटमध्ये तो घटक पट्ट्याच्या एका कडेला धन आणि दुसऱ्या कडेला ऋण दिसतो. म्हणून एकाच तरंगलांबीचं काइनेटिक्स पाहू नका. १, २, ५, १०, २० पिकोसेकंदांचे पूर्ण स्पेक्ट्रम एकावर एक टाका. मग तोच प्रयोग अ‍ॅसिटोनायट्राइल आणि इथेनॉलमध्ये. ८ चे १५-२० झाले आणि अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये घटक नाहीसा झाला, तर तो द्रावकाचा.

---

ट्रॉम्बेकर

मेघाताई, एक पर्याय उरतो: व्हायब्रेशनल कूलिंग. ४०० ने मारल्यावर शोषणाच्या कडेपेक्षा बरीच जादा ऊर्जा रेणूत राहते आणि ती द्रावकात जायला १० पिकोसेकंदांच्या आसपास लागतात.

मेघा_के

मान्य. पण कूलिंगमध्ये पट्टा अरुंद होतो, सरकतो कमी. शिवाय अ‍ॅसिटोनायट्राइलमध्येही कूलिंगला काही पिकोसेकंद लागतातच, तिथे ते लपणार नाही. ओपीए (पंपाची तरंगलांबी बदलणारं उपकरण) असेल तर ४४० ने पंप करूनही कळेल: जादा ऊर्जा घटली की कूलिंगचा वाटा घटतो, सॉल्व्हेशनचा तेवढाच राहतो.

---

हळद४००

सगळ्यांचे मनापासून आभार. केलेल्या तपासण्या:

चॉपरचा फेज सरकलेला होता, कार्डावर दोन फिलामेंटही दिसत होते. दोन्ही दुरुस्त करून खोली ५४ टक्क्यांवर आणल्यावर गोंगाट ०.२५ मिलिओडी. चिलरच्या कपलिंगवर थेंब होते, आता नाहीत.

ऊर्जेचा उतार ६३० ला, १ पिकोसेकंदावर: १२० नॅनोज्यूलपर्यंत १.०, २४० ला १.४. ५० नॅनोज्यूलला ३ पिकोसेकंदांचा घटक लागतच नाही.

५४.७ अंशांवर लांब घटक टीसीएसपीसीशी ५ टक्क्यांत जुळतो.

कॉलम केलेल्या कर्क्युमिनमध्ये दुसरा घटक ७ पिकोसेकंद. पट्टा लाल बाजूला सरकताना स्पष्ट दिसतो. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ०.५ पिकोसेकंदानंतर सरकणं नाही आणि ७ च्या जवळपास कुठलाही घटक नाही.

म्हणजे ८ गेला द्रावकाच्या खात्यात. मग प्रोटॉन कुठे शोधू? ड्युटेरियमचा (जड हायड्रोजन, डी) प्रयोग करायचा विचार आहे.

---

मेघा_के

मिथेनॉलमध्ये प्रोटॉन-स्थलांतर लांब घटकातच दडलेलं असणार, काही दहा पिकोसेकंदांच्या पट्ट्यात. त्याचा पुरावा म्हणजे एच च्या जागी डी घातल्यावर वेग मंदावणं. सॉल्व्हेशनवर डी चा परिणाम फारच किरकोळ असतो, म्हणून ७ जवळपास तसाच राहून पुढचा घटक लांबला, तर तो प्रोटॉनचा.

पूर्ण ड्युटेरेटेड मिथेनॉल लागत नाही. फक्त ओ-एच चा ओ-डी केलेलं पुरतं आणि स्वस्त पडतं. कर्क्युमिनचा ईनॉल आणि फिनॉलचे हायड्रोजन त्यात आपोआप बदलले जातात. गोम आपल्या हवेत आहे. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि त्या पाण्यातला एच परत तुमच्या रेणूवर येऊन बसतो. उघड्या बीकरमधून फ्लो सेल फिरवला तर दुपारपर्यंत अर्धा प्रयोग साध्या मिथेनॉलचाच झालेला असेल. काच ओव्हनमध्ये वाळवा, नळ्या आणि सेल आधी त्याच द्रावकाने दोनदा धुवा, टाकी नायट्रोजनखाली बंद ठेवा. स्कॅनच्या आधी आणि नंतर चमचाभर काढून इन्फ्रारेड घ्या: ओ-डी चा पट्टा २,५०० च्या जवळ, ओ-एच चा ३,३४० ला. ३,३४० ला टेकडी उगवायला लागली की द्रावण बदला.

शून्यवेळ

ग्लोबल फिट (सगळ्या तरंगलांबींचा एकत्र फिट) करताना ७ पिकोसेकंदांचा घटक साध्या घातांकाने दाखवला तर त्याची शेपटी पुढच्या घटकात सांडते, कारण मिथेनॉलचं सॉल्व्हेशन मुळात एका घातांकाचं नाही. आधी पट्ट्याचं शिखर वेळेसमोर वेगळं काढा, त्यातून सॉल्व्हेशनचे आकडे बांधून घ्या, मगच उरलेले घटक मोकळे सोडा. एच आणि डी दोन्ही डेटासेट एकत्र फिट करा: सॉल्व्हेशनचे आकडे समाईक, लांब घटक वेगवेगळा. नाहीतर एका फिटमध्ये ७ चे ६ आणि दुसऱ्यात ९ होतील, आणि तो फरक प्रोटॉनचा असल्यासारखा दिसेल.

त्याआधी डिले स्टेज १ नॅनोसेकंदापर्यंत सरळ आहे का तेही बघून घ्या. तेवढ्याला १५० मिलिमीटर प्रवास होतो आणि बीम ३० मायक्रॉन जरी सरकला तरी ओव्हरलॅप ढळून खोटा क्षय तयार होतो. रुथेनियम ट्रिस-बायपिरिडीनचं पाण्यातलं द्रावण याला उत्तम: आयुर्मान शेकडो नॅनोसेकंदांचं, म्हणून ४५० जवळचं ब्लीच (शोषणातली घट) १०० पिकोसेकंद ते १ नॅनोसेकंद सपाट रेघेत यायला हवं. २ टक्क्यांहून जास्त उतार दिसला तर लेन्स काढलेला वेबकॅम सॅम्पलच्या जागी ठेवा, प्रकाश फिल्टरने भरपूर कमी करा, स्टेज या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा आणि ठिपका जागचा हलेनासा होईपर्यंत स्टेजच्या आधीचे दोन आरसे आळीपाळीने जुळवा: जवळच्या टोकाला पहिला आरसा, लांबच्या टोकाला दुसरा. हे करताना गॉगल डोळ्यांवर आणि हातातलं घड्याळ, अंगठी काढून ठेवलेली. ८०० डोळ्यांना जेमतेम लालसर दिसतो, पण एका चकाकीत डोळ्याचा पडदा जाळण्याइतकी ऊर्जा त्यात असते.